इगर्जी, देऊळ की चर्च? आणि 'नेव्ह'ला गाभारा म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "जुन्या गोव्यावर लेख लिहितेय. चर्चमध्ये शिरल्यावर वेदीपर्यंत जी लांबलचक जागा असते तिला 'नेव्ह' म्हणतात. मराठीत 'गाभारा' लिहिलं तर चालेल का? शिवाय तिथे सारखं 'इगर्ज', 'इगर्जी' कानावर पडलं. ते चर्चचंच दुसरं नाव की वेगळी इमारत?"

गाभारा लिहू नका. इगर्जी म्हणजे चर्चच. पण हे दोन्ही प्रश्न आतून एकच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इगर्जी. हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला. त्याच्या मागे लॅटिन 'एक्लेसिया', आणि त्याच्याही मागे ग्रीक 'एक्क्लेसिया'. या ग्रीक शब्दाचा मुळात धर्माशी काही संबंध नव्हता. अथेन्समध्ये नागरिकांची जी सभा भरायची, ती एक्क्लेसिया. शब्दाची फोड 'बाहेर बोलावणं' अशी. म्हणजे दवंडी पिटली, माणसं घराबाहेर पडून एका जागी जमली, ती गावसभा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी हाच शब्द उचलला. तेव्हा त्यांच्याकडे इमारती नव्हत्याच, ते कुणाच्या तरी घरी जमत. आधी जमावाचं नाव पडलं आणि मग जमाव जिथे बसायचा त्या वास्तूला तेच चिकटलं. आपल्याकडे 'शाळा सुटली' म्हणताना इमारत कुठेही सुटून जात नाही, तसंच हे.

'चर्च'चं घराणं वेगळं. ते ग्रीक 'कुरिआकोन'पासून निघालं, अर्थ 'प्रभूचं'. इंग्रजी आणि जर्मन 'प्रभूचं घर' या बाजूला गेल्या; पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच 'सभा' या बाजूला. मराठीच्या वाट्याला दोन्ही आले. किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर इगर्जी आली, पुढे इंग्रजांबरोबर चर्च आलं आणि छापील मराठीत तेच रुळलं.

मराठी बायबलात मात्र जिथे इंग्रजीत 'चर्च' आहे तिथे बहुतेक जागी 'मंडळी' आहे. वसईकडचे कॅथलिक लिहितात 'ख्रिस्तसभा'. ज्यांनी हे शब्द योजले त्यांनी अथेन्सचा मूळ अर्थ अगदी अचूक पकडला. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन कामं करावी लागतात. मराठीत इमारत म्हणजे चर्च आणि माणसं म्हणजे ख्रिस्तसभा, अशी चोख वाटणी आहे. भाषांतर मुळापेक्षा नेमकं निघावं, असं क्वचित होतं.

आणि वसईचा उल्लेख आलाच आहे तर एक ऐकलेलं सांगतो. माझा एक वसईचा सहकारी होता. रविवारी सकाळी त्याच्या घरी फोन केला की त्याची आई सांगायची, "तो देवळात गेलाय, मिस्सा संपली की येईल." मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. पहिल्यांदा मी चक्रावलो होतो. तिच्या तोंडी 'चर्च' मी कधीच ऐकलं नाही. तिला 'देऊळ' पुरेसं होतं, आणि ते कुठलं देऊळ हे समोरच्याला कळत होतं. गोव्यात मात्र शब्दांची वाटणी झालेली दिसते: हिंदूंचं ते देवूळ, कॅथलिकांची ती इगर्ज. तुम्ही जुन्या गोव्यावर लिहिताय, तेव्हा तिथली वाटणी पाळा. पण वसईवर लिहाल तेव्हा 'देऊळ' ऐकून ती चूक समजू नका.

आता गाभारा का नको. गाभारा म्हणजे गर्भगृह. छोटं, अंधारं, समईच्या उजेडातलं. आत पुजारी, बाहेर आपण. उंबऱ्याशी उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, प्रदक्षिणा घालून निघायचं. देवळात जाणं हे एकट्याचं काम होऊ शकतं. दुपारी दोन वाजता कुणी नसताना गेलात तरी दर्शन पुरतंच होतं. जुनी रोमन देवळंही साधारण याच जातीची होती: मूर्ती आत, लोक बाहेर, आणि बळी द्यायची वेदीसुद्धा बाहेर, पायऱ्यांसमोर.

इ.स. ३१३ नंतर, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ख्रिस्ती लोकांना उघडपणे बांधकाम करता येऊ लागलं. तेव्हा त्यांनी देवळाचा नमुना घेतला नाही. घेतला बसिलिकेचा. रोमन बसिलिका म्हणजे सरळ शब्दांत कचेरी: लांबट मोठं दालन, खांबांच्या रांगा, एका टोकाला न्यायाधीशाची बैठक. तिथे खटले चालत, व्यवहार होत. शब्दाचा अर्थ 'राजेशाही', पण वापर बाजारपेठेतला. ही निवड मला फार बोलकी वाटते. मिस्सा हा सगळ्यांनी मिळून करायचा विधी आहे. त्याला चारशे माणसं एका छपराखाली बसतील आणि सगळ्यांना वेदी दिसेल अशी जागा लागते. गाभारा त्यासाठी निरुपयोगी, कचेरी सोयीची. न्यायाधीश बसायचा त्या टोकाला वेदी आली.

म्हणून नेव्हला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द 'सभामंडप'. तो अर्थानं बसतो आणि इगर्जीच्या व्युत्पत्तीशीही जुळतो: सभा आणि तिचा मंडप. मोठ्या चर्चमध्ये खांबांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना जे अरुंद पट्टे असतात त्यांना मी 'पडवी' म्हणेन. मधलं छप्पर उंच आणि बाजूचं उतरतं, हे कोकणातलं घर पाहिलेल्याला वेगळं समजावावं लागत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चला अशा पडव्या नाहीत, एकच सलग मंडप आहे. समोरच्या से कॅथेड्रलला दोन्ही बाजूंना आहेत.

वेदीला 'वेदी'च म्हणा. गोव्यात 'आल्तार' ऐकाल, तेही चालेल. पण वेदी हा नुसता कामचलाऊ पर्याय नाही. वेदी म्हणजे यज्ञाची, आहुतीची जागा, आणि कॅथलिक लोक मिस्सेला बलिदानच मानतात. प्रवासवर्णनांत कधी 'चौथरा' तर कधी 'स्टेज' वाचायला मिळतं. स्टेज वाचलं की माझं डोकं फिरतं.

मूळ 'नेव्ह' शब्दाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो लॅटिन 'नाविस'पासून आला, म्हणजे जहाज. संस्कृत 'नौ', आपली नाव, नौका, नाविक ही सगळी त्याची सख्खी भावंडं. जर्मनमध्ये तर आजही चर्चच्या या भागाला सरळ 'शिफ' म्हणजे जहाजच म्हणतात. नाव का पडलं याची दोन कारणं सांगतात: एक, कमानदार छत खालून पाहिलं तर उलट्या घातलेल्या होडीसारखं दिसतं, दुसरं, नोहाच्या तारवासारखी ख्रिस्तसभा माणसांना पैलतीरी नेते. पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना पहिलं कारण पटेल, आणि 'भवसागर' म्हणणाऱ्यांना दुसरं. तरीही लेखात 'नाव' लिहू नका. वाचक नाव म्हणजे नेम समजेल आणि घोटाळा होईल.

असाच एक शब्द 'से'. 'से कॅथेड्रल'मधला 'से' पुष्कळ जण एखाद्या संताचं नाव समजतात. तो पोर्तुगीज 'से', लॅटिन 'सेदेस', म्हणजे बसायची जागा. संस्कृतातला 'सद्' धातू त्याचाच सगोत्र. सदन, सदस्य, संसद, परिषद हे सगळे त्यातले. 'कॅथेड्रल'सुद्धा ग्रीक 'काथेद्रा'वरून, म्हणजे खुर्ची. म्हणजे 'से कॅथेड्रल' म्हटलं की आपण 'खुर्ची-खुर्ची' म्हणतो, 'गाईचं गोमूत्र' म्हणावं तसं. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची ते कॅथेड्रल. आकाराशी, सौंदर्याशी त्याचा संबंध नाही. रोमचं कॅथेड्रलही सेंट पीटर्स नव्हे, लॅटरन आहे, कारण रोमचा बिशप म्हणून पोपची खुर्ची तिथे. मराठीत यासाठी शब्द आयता आहे: पीठ. शंकराचार्यांचं पीठ म्हणतो तेच. व्हॅटिकनला 'परमधर्मपीठ' लिहिणाऱ्या पत्रकाराला हे ठाऊक असो वा नसो, त्यानं 'सेदेस'चं शब्दशः भाषांतर केलेलं आहे.

गोव्याचं से १५६२ मध्ये बांधायला घेतलं, १६१९ मध्ये पूर्ण झालं. ते संत कॅथरीनचं, कारण २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं शहर जिंकलं. लांबी सुमारे २५० फूट. समोरून पाहाल तर इमारत लंगडी वाटेल. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात मोठी 'सोनेरी घंटा' आहे. मला हे एकांगी रूप आवडतं. दोन्ही मनोरे असते तर पंधरा सेकंद पाहून पुढे गेलो असतो.

बॉम जेझूच्या नावामागे 'बसिलिका' आहे, त्यावर थोडं. आज बसिलिका हा घाटाचा प्रकार राहिलेला नाही, पोपनं दिलेला मान आहे. बॉम जेझूला तो १९४६ मध्ये मिळाला, वांद्र्याच्या माउंट मेरीला १९५४ मध्ये. म्हणून मघाशी म्हटलं तसं, पडव्या नसलेली इमारतही बसिलिका असू शकते. बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ मध्ये अभिषेक झाला. दर्शनी भिंत जांभ्याची, तिच्यावरचं कोरीवकाम काळ्या बेसाल्टमधलं, आणि तो दगड वसईहून आणलेला. माथ्यावर तीन अक्षरं आहेत, आय-एच-एस. हे कुठल्याही इंग्रजी वाक्याचं लघुरूप नाही, येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. आत मुख्य वेदीमागे सोनेरी मुलाम्याची लाकडी भिंत आहे. तिच्यात खाली अगदी लहानसा बाल येशू, त्याच्या वर भलामोठा संत इग्नेशियस (जेझुइट संघाचा संस्थापक), त्याची नजर वर, आणि वर सूर्यासारख्या वर्तुळात पुन्हा तीच तीन अक्षरं. मंडपाच्या शेवटच्या बाकावर बसा: तुमची नजर इग्नेशियसवर जाते, त्याची नजर तुमची नजर उचलून वर नेते. हे सगळं सभेतल्या शेवटच्या माणसाचा विचार करून रचलेलं आहे. गाभाऱ्याला असा शेवटचा बाक नसतो.

तो लाल जांभा मुळात उघडा नव्हता, हेही लेखात जरूर घाला. पूर्वी त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. फोटोत लाल रंग झकास दिसतो, पण जांभा सच्छिद्र दगड, गोव्याच्या पावसात भिजून झिजतो. गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद आहे. मी गिलाव्याच्या बाजूचा आहे. कोकणात जांभ्याच्या घराला गिलावा का करतात ते कुठलाही गवंडी सांगेल.

उरलं 'कपेल'. छोटं प्रार्थनाघर ते कपेल, इंग्रजीतलं चॅपल. मूळ अर्थ 'छोटा झगा'! तूरच्या संत मार्टिननं आपला झगा तलवारीनं अर्धा कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला. फ्रँक राजांनी तो झगा जपून ठेवला. तो जिथे ठेवायचे त्या जागेला झग्याचंच नाव पडलं. देवळीचं नाव कपड्यावरून, हे कुणाला सांगितलं तर आधी हसतात.

शब्दांची ये-जा चालते तशी घाटांचीही. गोव्यातली मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा पाहिलीत ना? तिथले घुमट, भिंतीतले अर्धखांब आणि झुंबरं इगर्जीच्या शेजारानं आलेली आहेत. उलट दिशेचा प्रवास नाशिकला ऐकू येतो. पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. वसईच्या किल्ल्यात जाऊन बिनछपराच्या एखाद्या इगर्जीत उभे राहा: वेदी नाही, घंटा नाही, बाक नाहीत, खाली गवत, वर आभाळ. उरला आहे तो नुसता लांबट सभामंडप, आणि तरीही आपण कुठे उभे आहोत हे विचारावं लागत नाही.

शेवटी लिंगाचं, कारण लेखात ते अडेलच. चर्च नपुंसकलिंगी: ते चर्च, जुनं चर्च, अनेकवचन चर्चेस किंवा नुसतं चर्च. इगर्जी स्त्रीलिंगी: ती इगर्जी, इगर्जीची घंटा, अनेकवचन इगर्ज्या. 'इगर्ज' हे कोकणी रूप घेतलंत तरी स्त्रीलिंगच ठेवा, आणि एका लेखात एकच रूप वापरा.