कादंबरीसाठी एफडी मोडावी का?

*डिचोलीच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आखडून:* वय ५२. म्हापशात एका खासगी ऑफिसात हिशेब बघते, पगार ३८ हजार. पीएफ आहे, पेन्शन नाही. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासूनची मैत्रीण आणि मी, दोघींनी सहा वर्षं खपून खाणपट्ट्यातल्या एका गावावर कादंबरी लिहिली. एका प्रकाशकाने २ लाख ४० हजार मागितलेत. हजार प्रती, २५६ पानं, किंमत ४०० रुपये. १०० प्रती आम्हाला, बाकीच्या विक्रीवर २० टक्के रॉयल्टी. मैत्रिणीकडे आत्ता पैसे नाहीत. माझी ३ लाखांची एफडी मार्चमध्ये संपते. सध्या सगळे मी भरायचे, ती जमेल तसे निम्मे देईल, असं बोलणं झालंय. एफडी आत्ताच मोडू, तिच्यावर कर्ज काढू, की सोनं ठेवू? मैत्रीत पैशांचं बोलायला संकोच वाटतो.

ताई,

तिन्हींतलं काहीच करू नका. पुस्तक मात्र काढा. या दोन वाक्यांत विरोध वाटेल, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. तुम्ही हिशेबातल्याच आहात, चूक सापडली तर मला कळवा.

प्रकाशकाने दिलेला कागद तुम्ही सोबत जोडला होता. समजा, पुस्तक तुफान चाललं. तुमच्या वाट्याच्या १०० प्रती तुम्ही कोणालाही फुकट न देता ३०० रुपयांनी विकल्या, ३० हजार आले. प्रकाशकाकडच्या ९०० प्रती शेवटच्या प्रतीपर्यंत खपल्या. ४०० वर २० टक्के म्हणजे प्रतीमागे ८०, एकूण ७२ हजार. दोन्ही मिळून १ लाख २ हजार. तुम्ही भरले २ लाख ४० हजार. म्हणजे मराठी कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचं जे भाग्य फार थोड्यांना लाभतं ते लाभूनही तुम्ही १ लाख ३८ हजारांच्या खड्ड्यात. हे काही अपयशाचं गणित नाही, यशाचं आहे.

त्यातही २० टक्के कशावर, ते त्या कागदात लिहिलेलं नाही. छापील किमतीवर की दुकानदाराचं कमिशन वजा जाऊन हातात पडणाऱ्या रकमेवर? कमिशन ५० टक्के धरलं तर तुमचे ८० चे ४० होतात आणि खड्डा १ लाख ७४ हजारांचा.

आता प्रकाशकाची बाजू बघा. तुम्हीच म्हापशाच्या प्रेसचा भाव विचारून ठेवलात हे फार बरं केलंत: ३०० प्रतींना प्रत १३० रुपये, हजार प्रतींना ८५. म्हणजे हजार प्रतींची छपाई ८५ हजार. डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), दोनदा मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून २५ हजार. झाले १ लाख १० हजार. उरलेले १ लाख ३० हजार त्याने एकही प्रत विकण्याआधी खिशात घातलेले असतील. दुकानांत माल पोचवायची, परीक्षणं छापून आणायची, पुस्तक घेऊन हिंडायची त्याला गरज काय? माझ्या मते त्याचं गिऱ्हाईक वाचक नाही. त्याचं गिऱ्हाईक तुम्ही आहात.

त्याच कागदात 'आयएसबीएन शुल्क ५,०००' अशी एक ओळ आहे. पुस्तकाच्या ओळखीचा हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानेही करता येतो. रक्कम मोठी नाही, पण फुकटाचे पाच हजार लावणारा माणूस पुढचा हिशेब कसा देईल ते सांगायला ज्योतिषी नको.

तुमची ३ लाखांची एफडी म्हणजे गुंतवणूक नाही हो, ती तुमची उशी आहे. घरात मिळवतं माणूस एकच, नोकरी खासगी. आपल्याकडे बांबोळीचं सरकारी इस्पितळ आहे, आरोग्यविम्याचं दीन दयाळ कार्ड आहे, त्यामुळे गोव्यातली बरीच घरं अडीनडीचा पैसा बाजूला ठेवायचं मनावरच घेत नाहीत. पण नोकरी गेल्यावर महिन्याचं सामान बांबोळीहून येत नाही. एफडीवरचं कर्ज साधारण ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के वर पडतं आणि चार महिन्यांची अडचण असेल तर ते उत्तमच. पण इथे परत येणारा पैसाच नाही, तर फेडणार कशातून? सोन्याबद्दल मी लिहीतसुद्धा नाही.

हजार प्रतींचा मोह मला कळतो, कारण तो मलाही झाला होता. २००६ साली मी बचतीवर एक छोटं पुस्तक काढलं. प्रेसवाला म्हणाला, "हजार छापा, प्रत निम्म्यात पडते." पडली. विकल्या ३१०. बाकीचे गठ्ठे माळ्यावर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक गठ्ठा खाली काढला तर वरची प्रत कोरी करकरीत, आणि तिच्याखाली आवर्ती ठेवींच्या प्रकरणातून वाळवीने आरपार बोगदा काढलेला. ज्या गठ्ठ्यांना वाळवी लागली नव्हती त्यांची पानं दमट होऊन एकमेकांना चिकटली होती. सगळं किलोवर गेलं. भंगारवाल्याने ओली रद्दी म्हणून भावही पाडला. तेव्हापासून गोव्यात राहणाऱ्या लेखकाला मी पहिला प्रश्न विचारतो: जूनमध्ये गठ्ठे कुठे ठेवणार?

तेव्हा ३०० प्रती, स्वतःच्या नावाने. छपाई ३९ हजार, डीटीपी-मुखपृष्ठ वगैरेंचे तेच २५ हजार, आणि प्रकाशनाचा दिवस, पाकिटं, कुरिअर यांना ११ हजार. एकूण ७५ हजार, त्यावर एक रुपया नाही. यातल्या १५० प्रती तुम्ही दोघी हाताने ३०० रुपयांना विकाल, ४५ हजार. ८० दुकानांतून, हातात २०० येतील, १६ हजार. ३० भेटीत जातील (नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे). चार प्रती कायद्याने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. उरलेल्या छत्तीसेक कपाटात. एकूण जमा ६१ हजार. तोटा १४ हजार, माणशी सात. सहा वर्षांच्या कामासाठी एवढी हौस तुमच्या पगाराला झेपते. मी याला हौसच म्हणतो, आणि हौसेला खर्चाच्या रकान्यात मानाने जागा द्यावी. परतावा मोजायला बसू नये.

छापण्याआधी प्रकाशनपूर्व सवलतीत नावं नोंदवून घ्या. ही आपली जुनी रीत, आता यूपीआयमुळे अगदी सोपी झाली आहे. ३०० रुपये आगाऊ, दोन महिन्यांची मुदत. शाळेतले सोबती, डिचोली-सांखळीकडची माणसं, पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत किंवा पर्वरीला मराठी अकादमीत कार्यक्रमांना भेटणारे लोक. "काढा काढा, आम्ही घेणारच" म्हणणाऱ्यांतले किती जण खरंच पैसे पाठवतात ते एकदा बघाच. साठ नावं झाली तर ३०० छापा. वीसच झाली तर १५० छापा, प्रत थोडी महाग पडेल तर पडू द्या. आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर पुस्तक काढू नका. माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-फुलं), फटाके, करंज्या-नेवऱ्या यांतून लोकांच्या हातात पैसा उरत नाही. दिवाळीनंतर काढा, मग पावसापर्यंत सहा महिने मिळतात.

तोवर हस्तलिखित स्वतःचा पैसा घालणाऱ्या तीन-चार प्रकाशकांकडे पाठवून द्या. ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास देतील, उत्तराला वर्ष लावतील, कदाचित देणारच नाहीत. पण थांबायला पैसे पडत नाहीत. कला आणि संस्कृती संचालनालयात पुस्तकासाठी काही साहाय्य मिळतं का तेही विचारून या. मिळालं तर उत्तम, माझ्या हिशेबात मात्र ते धरू नका.

आता खरं दुखणं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की कादंबरीच्या शेवटावरून तुमच्यात चार महिने अबोला होता. नायकाने गाव सोडायचं की नाही, एवढ्यावरून. मग १ लाख २० हजारांवरून किती महिने होईल? 'जमेल तसे देईन' हे वाक्य उच्चारताना दोघींचाही भाव चांगलाच असतो, पण ते एकीला विसरता येतं आणि दुसरीला येत नाही.

तिच्या घरचा ट्रक १६ मार्च २०१८ ला खाणी थांबल्यापासून दारात उभा राहिला, हप्ते मात्र थांबले नाहीत, असं तुम्ही लिहिता. कादंबरीतला ट्रक तोच ना? म्हणजे गोष्टीचा जीव तिच्याकडून आला, भाषा बरीचशी तुमची. आणि आता पैसे तुमचे. हे तीन वेगवेगळे हिशेब आहेत. पैसे तुम्ही घातले म्हणून मुखपृष्ठावर तुमचं नाव आधी येत नाही, आणि ट्रक तिचा म्हणून तिचा हिस्सा वाढत नाही.

सुरुवातीला विषम प्रकरणं तुम्ही आणि सम तिने लिहिली, पण नंतर एकमेकींची इतकी खोडली की कोणतं वाक्य कोणाचं ते आता सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या जवळपास हीच आहे: दोघांचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही अशी कृती. दोघींची सही असल्याशिवाय ती कोणाला देता येणार नाही. आणि हक्क टिकतात दोघींपैकी जी मागे राहील तिच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे हा कागद तुमच्या मुलीला आणि तिच्या मुलांना वाचावा लागणार आहे. म्हणून पानभर मराठीत लिहा. हक्क निम्मे-निम्मे. ७५ हजारांतले कोणी किती घातले. विक्रीतून आधी पैसे घालणारीचे पैसे परत, बिनव्याजी, मग उरेल ते निम्मे. पैसे परत आले नाहीत तर तूट कोणी सोसायची. कोकणी किंवा इंग्रजी अनुवाद, ऑडिओ, चित्रपट यांना दोघींचा होकार. एक जण गेली तर तिच्या वाट्याचं कोण बघणार.

तुटीचं तेवढं आजच बोलून घ्या. माझा सल्ला असा, की पैसे तुमचे जात असतील तर तूटही तुमची धरा, आणि मैत्रिणीने हाताने विकायच्या १५० पैकी ९० प्रती उचलाव्यात. तिचा गोतावळा मोठा आहे, असं तुमच्याच पत्रात आहे. पैसे नसलेल्या माणसावर उधारी चढवण्यापेक्षा त्याला काम देणं मला बरं वाटतं. एक चाळीस पानी वही घ्या: तारीख, प्रत कोणाला, पैसे आले की नाही. ती वही तिच्या घरी राहू दे, तुमच्या नको.

प्रकाशकाच्या कागदातलं 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे कलम वाचून मी चहा बाजूला ठेवला. पैसे तुम्ही भरायचे आणि हक्क त्याने ठेवायचे? पुढे चांगला प्रकाशक मिळाला तरी हे बघा: हक्क लेखी द्यायचे, मुदत आणि प्रदेश लिहायचा. कायद्याने मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. पण 'कायमस्वरूपी' असं तुम्हीच सही करून दिलंत तर हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही.

कराचं थोडक्यात. लेखकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट आहे, सहलेखकालाही मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्ही नव्या प्रणालीत आहात, आणि स्वतः छापून विकलेल्या प्रतींची रक्कम रॉयल्टी होतही नाही. वहीतले आकडे रिटर्न भरणाऱ्याला दाखवा, तेवढं पुरे.

'सवलत ३१ तारखेपर्यंतच' असं तो प्रकाशक म्हणतोय, तर ३१ तारीख जाऊ द्या. मार्चपर्यंत एफडीला हात लावू नका. वेळेआधी मोडली तर व्याजात कापतात. मुदत संपली की एका पावतीच्या तीन करा: दीड लाखाची एक वर्षाची, ७५ हजारांची सहा महिन्यांची, आणि ७५ हजार पुस्तकासाठी बचत खात्यात वेगळे. दिवाळीपर्यंत ते तिथेच पडू देत. दोन्ही पावत्यांवर दुसरं नाव मुलीचं घाला, मैत्रिणीचं नको.