काल्पनिक प्राण्याला ‘उभयचर’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कल्पित प्राण्यांच्या सचित्र कोशातला एक प्राणी दिवसा समुद्रात असतो, रात्री किनाऱ्यावर येतो. अंगावर खवले, आणि कठीण कवचाची अंडी तो वाळूत पुरतो. त्याला ‘उभयचर’ म्हटलं तर चालेल का?

नुसती फोड पाहिली तर चालेल. उभय म्हणजे दोन्ही, चर म्हणजे वावरणारा. घोळ होतो तो या शब्दाच्या भावंडांमुळे. जलचर, भूचर, खेचर (आकाशात फिरणारा), निशाचर हे शब्द प्राणी कुठे किंवा केव्हा वावरतो एवढंच सांगतात. देवमाशाला जलचर म्हटलं म्हणून तो मासा ठरत नाही. उभयचर मात्र पाठ्यपुस्तकांतून एका वर्गाचं नाव होऊन बसला, आणि वाचक आता तोच अर्थ घेतो: बेडूक, पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर, बिनपायाचा देवगांडूळ यांचं कूळ. कुळात राहायचं तर दोन्हीकडे वावरायची सक्तीही नाही. ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर जन्मभर पाण्यातच असतो, तरी तो उभयचर. मगर दोन्हीकडे वावरते, पण ती सरीसृप, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांतली. (१७५८ साली प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही सरीसृप ॲम्फिबियात, म्हणजे उभयचरांतच, घातले होते, तेव्हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही.)

तुमच्या प्राण्याचे खवले आणि अंड्याचं कवच या दोन्ही गोष्टी सरीसृपांकडे बोट दाखवतात. त्याला ‘जलस्थलचर’ म्हणा. शब्द जिभेला जरा जड आहे, पण राहणीबद्दल बोलतो आणि कुळाबद्दल गप्प बसतो.

‘उभयचर’च ठेवायचा हट्ट असेल तर शरीर बदलावं लागेल. खवले काढा, कातडी ओलसर आणि ग्रंथींची करा. अंडी बिनकवचाची, बुळबुळीत वेष्टणातली. ती वाळूत सुकतील, म्हणून पाण्यात किंवा सतत ओल्या जागी. त्यातून आधी कल्ल्यांनी श्वास घेणारा भैकेर (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा) निघू द्या. मग समुद्राची अडचण येते: अशी कातडी पाणी आरपार जाऊ देते, आणि खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मचूळ पाणी सोसणारा बेडूक आहे, पण तो अपवाद. खाडीपेक्षा गोड्या पाण्याची दलदल बरी.

प्राणी परग्रहावरचा असेल तर बेडकांशी नातं जोडण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे नुसतं दिसण्यातलं साम्य सांगायचं असेल तर ‘उभयचरसदृश’ लिहा. ‘उभयचरी प्राणी’ मात्र कुठेच नको. उभयचर मुळातच विशेषण आहे, त्याला आणखी ‘ई’ कशाला?