तिन्ही भाज्या सारख्याच का लागल्या?

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही दिग्रस तालुक्यातले. मुलगा मुंबईला नोकरीला आहे. कापसाचा पहिला वेचा झाला की मी, हे आणि सासूबाई त्याच्याकडे जाणार आहोत. मागच्या खेपेला त्यानं मोठ्या हौसेनं एका पंजाबी हॉटेलात नेलं. मेनूकार्ड इंग्रजीत, वेटर उभाच. घाईघाईत पनीरच्या तीन भाज्या मागवल्या, तिन्ही सारख्या आणि गोडसर लागल्या. सासूबाईंना रोटी चावली नाही. आता हे म्हणतात, तुम्ही जा, मी घरी बेसन-भाकर खाईन. मुलाचं मन मोडवत नाही. काय करावं?

– एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : ताई, सगळे मिळून जा, यांनाही न्या. पहिल्या पगारापासून आईबापाला चांगल्या जागी जेवू घालायचं पोराच्या मनात असतं. ते मागं सारू नका.

दारव्ह्याला बसस्टँडजवळ आमची खानावळ होती. कढी आजची आहे का, वांगं बियाळ तर नाही ना, असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला कधी राग आला नाही. उलट त्याच्या ताटाकडे माझं जास्त लक्ष राहायचं. मुंबईतही आत स्वयंपाक करणारा माणूसच असतो. म्हणून वेटर समोर आला की आधी त्यालाच विचारा : कोणती भाजी तिखट, कोणती गोड, एकीत किती जण जेवतील? इंग्रजी वाचता आलं नाही म्हणून लाजायचं काही कारण नाही. पैसे तुमच्याच घरचे आहेत.

आता तिन्ही भाज्या सारख्या का लागल्या ते सांगते. अशा हॉटेलात सकाळीच मोठ्या पातेल्यांत दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात. एक मखनी : टोमॅटो, काजू, लोणी. टोमॅटोचा आंबटपणा मारायला तिच्यात साखर किंवा मध पडतो. दुसरी पांढरी, काजू आणि मगज बीची, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बियांची. तिसरी कांदा-टोमॅटोची. ऑर्डर आली की त्यातली एक कढईत घेतात, पनीर टाकतात, वरून क्रीम सोडतात, आणि दहा मिनिटांत भाजी टेबलावर. नावं पंधरा असली तरी पातेली तीनच. तुमच्या तिन्ही भाज्या बहुतेक एकाच पातेल्यातून आल्या.

म्हणून तिघी बहिणी मागवू नका. एक रश्श्याची भाजी, एक सुकी, एक दाल तडका, एवढं घ्या. रश्श्याच्या भाजीला स्पष्ट सांगा : कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत करा, साखर नको, क्रीम नको. सुक्यात भेंडी किंवा आलू-जिरा मागवा. कार्डावर ‘कोल्हापुरी’ दिसलं तर तिखट मिळेल, पण आपल्या तर्रीची अपेक्षा ठेवू नका. बहुधा त्याच कांदा-टोमॅटोत लाल मिरची वाढवलेली असते. यांच्यासाठी हिरवी मिरची, कांदा आणि लिंबू वेगळं मागा. तेवढ्यानं आपल्याकडच्या माणसाचं अर्धं समाधान होतं, हे मी खानावळीत रोज पाहिलं आहे.

शहरात ‘इंडियन’ म्हटलं की पंजाबीच पुढं का येतं, हेही मुलाला सांगा. १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरकडून उखडून आलेल्या माणसांनी दिल्लीत नव्यानं धंदे मांडले. दर्यागंजचं मोती महल त्यातलंच. तंदूर आणि बटर चिकन तिथून गाजलं आणि पुढं देशभरच्या मेनूकार्डांवर चढलं. घर गमावलेल्या लोकांनी उभं केलेलं हे जेवण आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण भारताचं जेवण तेवढंच नाही, आणि मुंबईसारख्या शहरात तर मुळीच नाही.

सासूबाईंसाठी मी तंदुरी रोटी आणि नान दोन्ही वर्ज्य करीन. तंदुरी रोटी गरम आहे तोवर ठीक, निवली की चामट होते. नान मैद्याची, तीही दाताला ओढते. तवा रोटी किंवा फुलका मिळतो का विचारा. नाहीतर दाल खिचडी मागवा, वरून तूप घाला. तुम्हीसुद्धा रोट्या एकदम आठ सांगू नका. दोन-दोन सांगा, म्हणजे गरम येतील.

खरं तर त्यांना घेऊन एक दिवस माटुंग्याला जा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनजवळ १९४२ पासूनचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. केळीच्या पानावर भात, रस्सम, सांबार, भाजी वाढतात. मऊ भात-ताक खाऊन म्हातारं माणूस तृप्त होतं. त्याच भागात कॅफे मद्रासची इडलीही दात नसलेल्याला चालेल. थालीपीठ, मिसळ असं ओळखीचं हवं असेल तर दादरला शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. गुजराती थाळीला मात्र जाल तर आधीच मनाची तयारी ठेवा, डाळीतही गूळ असतो.

आणखी एक. रविवारी रात्री जाऊ नका. बाहेर ताटकळत उभं राहावं लागतं, आत गेल्यावर उठायची घाई लागते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, साडेबाराच्या आत पोहोचा. वेटरलाही तुमच्याशी बोलायला सवड असते.

प्रश्न : भाच्याच्या लग्नाची खरेदी करून आम्ही शहरातल्या एका हॉटेलात जेवलो. जीएसटीवर आणखी दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला. पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीहून जास्त घेतले. हे चालतं का?

– एक वाचक, कळंब

उत्तर : भाऊ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, बिलावर अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. तो सरकारचा, द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही; मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा शांतपणे म्हणा, ‘हा काढून बिल द्या.’ वाढणाऱ्या पोरानं मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे ठेवा, मी ठेवते.

बाटलीचं मात्र तसं नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीचे छापील किमतीहून जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. बसल्या बसल्या वेटर ‘बिसलेरी?’ विचारतो आणि आपण मान हलवतो, तिथंच ‘साधं पाणी आणा’ म्हणायचं.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर भांडू नका, बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्या.