मसाल्याची पुडी घरीच ठेवा

प्रश्न : जानेवारीत मी आणि आमचे हे लेकीकडे फ्रीमाँटला जातोय, तीन महिने मुक्काम आहे. जावई सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'स्वान ऑयस्टर डेपो' या जुन्या दुकानात नेणार म्हणतात. तिथे कच्ची कालवं आणि थंडगार कुर्ली देतात म्हणे. आम्ही मालवणचे. ह्यांना तिखटाशिवाय मासळी चालत नाही, शिवाय मधुमेह आहे. सोबत मसाल्याची पुडी न्यावी का? काय खावं, काय टाळावं?
— एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, जरूर जा. पण आधी ह्यांच्या तब्येतीचं बोलू. कच्ची कालवं त्यांनी खाऊ नयेत, एकसुद्धा नाही. कालव पाणी गाळून जगतं. त्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असले की ते त्याच्या अंगात साठतात. धडधाकट माणसाचं बहुतेक वेळा पोट बिघडण्यावर निभावतं. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर तेच जंतू रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं. लिंबू पिळल्याने किंवा तिखट सॉस घातल्याने ते मरत नाहीत, नीट शिजवल्यानेच मरतात. जावई आग्रह करतील, तेव्हा हे त्यांना आधीच सांगून ठेवा. तुमची प्रकृती ठणठणीत असेल तर तुम्ही दोन घ्या, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता मसाला. पुडी नेऊ नका, हे मी मनापासून सांगते. मी वेंगुर्ल्याची, रश्श्यावरच वाढले. आपल्या कुर्लीचा सगळा जीव रश्श्यात उतरतो. बारीक पाय वाटून त्यांचा रसही आपण त्यातच गाळतो. तिथली डंजनेस कुर्ली वेगळी. पाऊण-एक किलोची, नुसती मिठाच्या पाण्यात उकडून गार केलेली. पायातून मांसाची अख्खी कांडी निघते आणि ती गोड लागते. पहिला घास लिंबूसुद्धा न पिळता खायला सांगा ह्यांना. त्यावर मसाला पडला तर फक्त मसालाच लागेल. फारच अडलं तर तिखट सॉसची बाटली समोरच असते.

भरलेली, म्हणजे अंड्यांची, कुर्ली मात्र मागू नका. तिथे धंद्यासाठी फक्त नर धरायची परवानगी आहे, तोही कवच सव्वासहा इंच रुंद झाल्यावर. अंडी देणाऱ्या माद्या समुद्रातच राहतात. हा नियम आपल्या किनाऱ्यावरही यावा असं मला फार वाटतं. कवचातला पिवळा गर पाव बुडवून खातात, तो मागून बघा. 2015 मध्ये समुद्रातल्या शेवाळाच्या विषामुळे कॅलिफोर्नियातला हंगाम कित्येक महिने थांबवला होता, आणि ते विष याच गरात साठतं. त्यामुळे त्या दिवसांत सरकारी सूचना असेल तर गर सोडा.

हंगामाचंही लक्षात ठेवा. पूर्वी तिथली मासेमारी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू व्हायची. सापळ्यांच्या दोरांत देवमासे अडकतात म्हणून गेली काही वर्षं ती पुढे ढकलली जाते, कधी जानेवारीपर्यंत. म्हणून फेब्रुवारी बरा. गेल्यावर 'आजची कुर्ली कुठली?' असं सरळ विचारा. अशा दुकानात या प्रश्नाचा राग येत नाही, उलट माणूस खुलतो.

हे दुकान 1912 पासून पोल्क स्ट्रीटवर आहे आणि 1946 पासून एकाच कुटुंबाकडे. टेबलं नाहीत. संगमरवरी फळीपुढे अठरा उंच स्टुलं, पलीकडे कापणारी, वाढणारी आणि हिशेब करणारी तीच माणसं. माझ्यासमोरच्याने कालव फडक्यात धरलं, बिजागरीत आखूड सुरी घातली, मनगट एकदा वळवलं आणि वरची शिंपली सुटली. मग सुरी खालून फिरवून मांस मोकळं केलं, पण आतलं खारं पाणी थेंबभरही सांडू दिलं नाही. ओहोटीला खडकावर कालवं काढणाऱ्या आपल्या बायकांच्या हाताला हीच सफाई असते. त्यांना कुणी संगमरवरी फळी दिली नाही, एवढंच.

ह्यांच्यासाठी कुर्ली आणि उकडलेली कोळंबी मागवा. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं दुधाळ सूप मिळतं, ते गरम आणि पोटभरीचं. अशा सुपात बटाटा असतो आणि पुष्कळ ठिकाणी डुकराचं मांसही घालतात, तेव्हा चालत नसेल तर विचारून घ्या. सोबत आंबट पाव आणि लोणी येतं. मधुमेहात पाव बेताने. कुर्लीची कोशिंबीर घेतलीत तर वरचा गुलाबी सॉस वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर मांस त्यात बुडून जातं.

फ्रीमाँटहून बार्ट या तिथल्या लोकल गाडीने एम्बार्केडरो स्टेशन, तिथून कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या केबल कारने, म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामने, पोल्क स्ट्रीट. रविवारी बंद आणि दुपारी लवकर आवरतात, म्हणून सकाळीच निघा. बाहेर रांग असते, तासभर उभं राहायची तयारी ठेवा, आणि चौघांना शेजारी-शेजारी जागा हवी असेल तर आणखी थांबावं लागेल. दोघं-दोघं बसा. रोख डॉलर न्या, चौघांचं बिल शंभराच्या बरंच वर जातं. ताटं मध्ये ठेवून वाटून खाल्लीत तर कुणी काही म्हणत नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे. सगळी मासळी एकाच फळीवर समोर कापून वाढणाऱ्या दुकानात त्याला नुसता मासा दिला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. एकच फळी, त्याच सुऱ्या, तेच हात, आणि शेजारच्या ताटातली कोळंबी वीतभर अंतरावर. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना कुर्लीही सहसा बाधते. तुम्ही दोघं पाळीपाळीने जाऊन या. एकाने मुलाला घेऊन बाहेर फिरावं, आणि आत बसलेल्याने साबणाने हात-तोंड धुऊनच त्याला जवळ घ्यावं.