कुऱ्हाड अडकते म्हणून नवीन घेऊ नका, आधी धारेमागचं पोट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नवी कुऱ्हाड, दुकानातून ग्राइंडरवर धार लावून आणलेली, हातावरचे केस निघतात इतकी तिखट, तरी ओल्या आंब्यात रुतून बसते आणि वाळक्या बाभळीच्या गाठीवर धारेचा अर्धचंद्र तुकडा उडाला. आणि आता सगळे म्हणतायत परदेशी महागाची घे. घेऊ नका, निदान एवढ्यात तरी. अगदी हेच मी भोगलंय आणि त्यात कुऱ्हाडीच्या कंपनीचा दोष नव्हता.

आम्ही दापोलीकडचे. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा कलमं, फणस, सुरू सगळं आडवं झालं, वाटा बंद, लाईट नाही, पेट्रोलवरचे कटरवाले दुसऱ्यांकडे अडकलेले. म्हणजे कुऱ्हाडीशिवाय इलाज नव्हता. आणि नेमकी त्याच्या थोडं आधी आमची चांगली जुनी कुऱ्हाड तालुक्याच्या एका दुकानातून धार लावून आणलेली. नाव घेत नाही. त्या माणसाने काय केलं, तर पातं 6 इंची चाकावर दाबून धरलं आणि दोन्ही बाजूंनी ओढत राहिला. चाक गोल, त्यामुळे त्याची गोलाई पात्यात उतरली, धारेच्या मागे बोटाला लागेल असा खोलगट चर पडला. वर धार इतकी तापवली की निळी पडली, आणि तो निळा पट्टा बफ मारून आरशासारखा चकचकीत करून दिला! घरी आणल्यावर कुणाला कळणार? ओल्या आंब्यात घाव घातला की आत जायची खोल, पण ढलपी काही उडायची नाही, निघता निघायची नाही, दांडा वरखाली हलवून काढायची. मग सुरूच्या खोडावर गाठ लागली आणि धार आधी वळली, मग तुटली. परत दुकानात गेलो तर म्हणे तुमचं लोखंडच हलकं. ज्या कुऱ्हाडीने वर्षानुवर्षं ऐन-किंजळ तोडलं ती एका दिवसात हलकी झाली! याचा राग मला आजही येतो, कारण आपण चूक लाकडात शोधतो, दांड्यात शोधतो, स्वतःच्या ताकदीत शोधतो, आणि पातं बिघडवणारा मोकळा सुटतो.

आता मुद्दा. तोडायच्या कुऱ्हाडीत धार जितकी महत्त्वाची तितकाच तिच्या मागचा बोटभर भाग. तो दोन्ही बाजूंनी फुगीर हवा, आंब्याची कोय उभी धरली की कडेपासून पोटाकडे जशी भरत जाते तसा. फुगीर असला की धार आत शिरते आणि मागचं पोट लाकूड बाजूला रेटतं, ढलपी उचलली जाते, आणि लाकूड पात्याला थोड्याच जागी टेकतं म्हणून सुटतंही पटकन. पात्याच्या दोन्ही बाजू, म्हणजे गाल, सपाट असले की पूर्ण पातं लाकडाला चिकटतं. खोलगट असली तर आत जाते पण रेटायला काही नाही, आणि धारेच्या पाठीशी लोखंडच नाही म्हणून गाठीवर मोडते.

उलटही होतं. दरवर्षी फक्त टोकाला दगड मारत राहिलं की धार मागे सरकत जाते, पातं जाड होतं. मग केस निघतात पण लाकडावरून कुऱ्हाड उसळते. अशा वेळी धार नाही, तर धारेमागचा जाड झालेला भाग, म्हणजे खांदे, कानसने उतरवायचे असतात. बहुतेक लोक हे करतच नाहीत.

माप सांगतो. धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंश. कंपासपेटीतल्या कोनमापकाने पुठ्ठ्यात तेवढी खाच कापा आणि धारेवर बसवून बघा. किंवा व्हर्नियर असेल तर धारेपासून 10 मिमी मागे जाडी मोजा, साडेचार ते साडेपाच मिमीच्या आसपास यायला हवी. नुसतं सरपण फोडायची असेल तर याहून जाड चालते, जाडच बरी. आणि सुतार तासायला एका बाजूने सपाट ठेवतात ती कुऱ्हाड वेगळी, तिला हे लावू नका.

तुमच्या फोटोत धारेलगत निळसर झाक दिसतेय असं मला वाटतं, फोटोवरून खात्रीने नाही सांगता येत. साधारण 300 अंशाला पोलाद निळं होतं, म्हणजे तिथलं पाणी, पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. रंग घासून काढला तरी मऊपणा जात नाही आणि पाण्यात बुडवून परत येत नाही. कानस तिथे मागच्या भागापेक्षा सहज खात असेल तर तेवढी पट्टी गेली समजा. पट्टी बारीक असेल तर कानसनेच मागपर्यंत उतरवा. आमची जास्त गेली होती, शेवटी लोहारकाकांकडे नेली. त्यांनी मेलेला भाग काढला, ठोकून शेवटली, म्हणजे धार नव्याने काढली, तापवून पाणी दिलं, आणि पाणी दिल्यावर परत हलकी तापवून रंग बघत कडकपणा थोडा उतरवला. हे शेवटचं काम जो करत नाही त्याच्याकडे देऊ नका, धार काचेसारखी तडकते.

कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे आणताना उचलायची. हातमोजा घालाच. आधी मार्करने काळं करा म्हणजे कुठे घासतंय ते दिसतं. मग ऑइलस्टोन गोल गोल फिरवून कानसचे ओरखडे घालवा.

आणि सरळ काटकोनात घाव घालू नका, दोन्हीकडून तिरके घाला, खाच खोडाच्या जाडीइतकी रुंद सुरू करा. अरुंद खाचेत कुठलीही कुऱ्हाड अडकते. उभं झाड असेल तर परवानगीचं आधी बघा, सगळी झाडं आपल्या मनाने तोडता येत नाहीत.

मी लोहार नाही, हे सगळं साध्या कार्बन पोलादाच्या कुऱ्हाडीबद्दल आहे. 10 मिमीवरची जाडी मोजा आणि पात्याचा वरून, धारेच्या रेषेत धरून फोटो टाका, मग खांदे किती उतरवायचे ते बोलू.