एकशे पाच म्हणजे 1005?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शंभरपर्यंत न अडखळता म्हणते, पण ‘एकशे पाच’ सांगितलं की 1005 लिहिते, ‘एकोणतीस’चे 39 करते. पाठांतर वाढवावं का?

उत्तर : नको. हा धांदरटपणा नाही. ती कानावर पडेल तसं लिहिते. आधी शंभर, मग पाच. त्याच न्यायाने एकशे वीसचे 10020 होतील. ‘एकोणतीस’मध्ये तर ‘तीस’च ऐकू येतं, मग दशकाच्या घरात 3 बसणारच.

आधी एक तपासा. 23 काड्या मोजायला द्या, कागदावर 23 लिहा आणि 2 वर बोट ठेवून म्हणा, “एवढ्या काड्या दाखव.” दोनच उचलल्या, तर स्थानिक किंमत अजून कळलेली नाही. मग गठ्ठे बांधायला घ्या. तयार गठ्ठे मात्र देऊ नका. दहा मोजून रबर तिनेच लावायचं, वजाबाकीत तिनेच सोडायचं. 9 गठ्ठे, 9 सुट्या मांडून एक काडी वाढवा. सुट्या दहा झाल्या, गठ्ठा बांधला. आता गठ्ठेही दहा, त्यांचा एक मोठा गठ्ठा. एका काडीने दोन घरं रिकामी झाली आणि तिसरं उघडलं : 100.

1005 वर उपाय कार्डांचा. 1 ते 9 ची कार्डं 4 सेंमी रुंद, 10 ते 90 ची 8, 100 ते 900 ची 12, एकूण 27. प्रत्येक अंक 4 सेंमीच्या घरात लिहा. 100 च्या कार्डावर 5 चं कार्ड उजव्या कडा जुळवून ठेवलं की शेवटचं शून्य झाकलं जातं, 105 दिसतं. कार्ड उचललं की शून्य परत हजर. कडा डावीकडे जुळवल्या तर 500 दिसेल. हा घोटाळा एकदा मुद्दाम होऊ द्या. ‘शून्य म्हणजे काही नाही’ हे वाक्य तूर्त टाळा, नाहीतर 105 चे 15 होतील.

प्रश्न : दोन अंकी संख्यांची बेरीज कधीच चार अंकी होत नाही, गुणाकार होतो. का?

उत्तर : मोठ्यात मोठी बेरीज 99 + 99 = 198. गुणाकार मात्र 10 × 10 = 100 पासून 99 × 99 = 9801 पर्यंत, म्हणजे तीन किंवा चार अंकी. 48 × 37 चं उत्तर 17760 आलं, तर पुन्हा न गुणताही चूक पकडता येते : कुठेतरी एक शून्य जास्त पडलंय.