घरून स्लाइड बघता येतात म्हणून इंग्लंडला यायचं का?

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमडी पॅथॉलॉजी (पेशंटच्या शरीरातले तुकडे काचेच्या स्लाइडवर तपासून निदान करण्याचं शास्त्र) झाली आहे, एफआरसीपॅथ या ब्रिटिश पॅथॉलॉजी परीक्षेचा पहिला भाग पास झालाय, नवरा इंग्लंडात लेस्टरला आणि तुझ्याकडे कोल्हापुरात सासूबाईंचं डायलिसिस चालू. तू विचारतेस, ‘मॅडम, कोविडपासून तिकडे सगळं डिजिटल झालंय म्हणे. मग वर्षातले दोन-तीन महिने कोल्हापुरात बसून तिथलं रिपोर्टिंग जमेल का? आणि त्यासाठी आत्तापासून काय शिकू, काय विकत घेऊ?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. मी इंग्लंडमध्ये ज्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे, तिथल्या आमच्या विभागात ‘घरून काम’ म्हणजे इंग्लंडमधल्या घरून काम. देशाबाहेर बसून पेशंटच्या स्कॅन केलेल्या स्लाइड कॉम्प्युटरवर उघडायची मुभा आम्हाला नाही. मी मिरजेला येते तेव्हा हॉस्पिटलचा लॅपटॉप इथे कपाटातच राहतो. मुलाखतीत तू जरूर विचार, पण होकार मिळेल असं धरून घरातली व्यवस्था लावू नकोस.

तरी घरून काम होतं का? होतं, आणि चांगलं होतं. फक्त ते कसं सुरू झालं ते नीट समजून घे, कारण बाहेरून ते फारच सोपं दिसतं.

२३ मार्च २०२० ला इथे लॉकडाऊन जाहीर झालं. आमच्याकडे स्कॅनर होता, पण एमडीटी मीटिंगमध्ये (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) चार चित्रं दाखवण्यापुरता. लीड्सच्या लोकांचं तसं नव्हतं. त्यांनी २०१८ मध्येच सगळ्या हिस्टॉलॉजी (ऊतींच्या) स्लाइड स्कॅन करायला घेतल्या होत्या, त्यामुळे घरी बसायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात बसलेला होता. बाकीच्यांची तारांबळ. इथल्या पॅथॉलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने त्या वसंतात अडचणीच्या काळापुरती दूरस्थ रिपोर्टिंगची मार्गदर्शक सूचना काढली आणि आम्ही तिला धरून चाललो. अमेरिकेत तर घरी बसून स्लाइड वाचायची तर घराला लॅबसारखं वेगळं प्रमाणपत्र लागायचं, ती अट तिथल्या सरकारने २६ मार्चला शिथिल केली. आणि आपल्याकडेही, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टांनी त्याच वर्षी घरच्या साध्या लॅपटॉपवर बायॉप्सी वाचून दाखवल्या आणि पुढे तो अनुभव प्रसिद्ध केला. तो निबंध शोधून वाच. इथल्या मुलाखतीत त्यावर बोललीस तर समोरचे कान टवकारतील.

माझी पहिली चूक म्हणजे मी इंटरनेटच्या स्पीडचीच काळजी करत बसले. ४० एक्सला (मायक्रोस्कोपच्या ४० एक्स भिंगाइतक्या बारकाईने) स्कॅन केलं की एका पिक्सेलमध्ये पाव मायक्रॉन येतो. म्हणजे दीड सेंटीमीटर बाय दीड सेंटीमीटरच्या तुकड्याचे ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल. कॉम्प्रेस करूनही फाइल एक जीबीच्या घरात जाऊ शकते. पण ती अख्खी तुझ्याकडे येतच नाही. मोबाइलवर नकाशा उघडतो तसं, ज्या भागावर आणि ज्या पॉवरला तू आहेस तेवढेच चौकोन येतात. त्रास होतो तो प्रत्येक चौकोन यायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिराचा. व्हीपीएनमधून (हॉस्पिटलच्या सुरक्षित जोडणीतून), त्यात मुलाची ऑनलाइन शाळा चालू असताना, मला लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) बघायला दुप्पट वेळ लागायचा. शेवटी राउटरपासून टेबलापर्यंत केबल ओढली आणि निम्मी कटकट संपली.

दुसरी गोष्ट खिडकीची. माझं टेबल दक्षिणेकडच्या खिडकीपाशी होतं, इथे ऊन मिळतं तिथे माणूस टेबल टाकतोच. पडद्यावर उजेड पडला की इओसिनच्या (स्लाइडला दिलेल्या गुलाबी रंगाच्या) फिक्या छटा एकमेकींत मिसळतात आणि आपल्याला ते कळतही नाही. लीड्सच्या गटाने यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी छोटी चाचणी केली आहे, फिक्या रंगावर त्याहून किंचित वेगळ्या रंगातलं चिन्ह ओळखायचं. मी दुपारी दोनदा नापास झाले. पडदा ओढल्यावर पास.

पण मला खरा धडा दिला तो एका ब्रेस्ट कोअर बायॉप्सीने (सुईने काढलेल्या स्तनाच्या बारीक तुकड्यांनी, त्यांना कोअर म्हणतात). रिपोर्ट जवळजवळ टाइप करून झाला होता. सहज वर पाहिलं तर ग्रॉसमध्ये (नमुना नुसत्या डोळ्यांनी बघून केलेल्या नोंदीत) पाच कोअर लिहिलेल्या आणि पडद्यावर चार. पाचवी सगळी चरबीची, फिक्कट. स्कॅनरने तिला रिकामी काच समजून सोडून दिलं होतं. लॅबला फोन करून स्लाइड पुन्हा स्कॅन करून घेतली. पाचव्या कोअरमध्ये काही निघालं नाही, हे माझं नशीब. तेव्हापासून आधी पूर्ण काचेचं लहान चित्र उघडून तुकडे मोजते, मग वाचायला घेते. मायक्रोस्कोपवर हे कधी मोजावं लागलं नव्हतं, कारण काच हातात असते.

आणि काही गोष्टींना काचच लागते. काँगो रेड रंग दिल्यावर लागणारा पोलराइज्ड लाइट (खास गाळलेला प्रकाश) पडद्यावर कुठून आणणार? झेडएन स्टेनमधले (टीबीचे जंतू दाखवणाऱ्या रंगातले) एक-दोन जंतू, जठरातले एच. पायलोरी जंतू, मायटोसिसची (विभागत असलेल्या पेशींची) मोजदाद, डिस्प्लेझियाची (कॅन्सरपूर्व बदलांची) ग्रेड, इथे फाइन फोकस फिरवायला बोटं शिवशिवतात. सायटॉलॉजीत (सुट्या पेशींच्या तपासणीत) तर पेशी एका पातळीत नसतातच. अशा वेळी ‘काच मागवा’ असं लिहायला लाजायचं नाही. घरून काम करणाऱ्याची परीक्षा यातच होते, असं मला तरी वाटतं.

म्हणूनच इथे येताच कुणी तुला घरी पाठवणार नाही. आधी तू पडद्यावर वाचायचं, मग तीच केस काचेवर तपासायची, दोन्ही जुळतायत का याची नोंद ठेवायची. आमच्याकडे हे दोन महिने चाललं. शिवाय ग्रॉसिंग, म्हणजे आलेला नमुना बघून कापणं, ज्याला इथे कट-अप म्हणतात, ते घरून होत नाही. बरंचसं बीएमएस (लॅबमधले बायोमेडिकल सायंटिस्ट) मंडळी करतात, पण मोठे नमुने तुझ्या वाट्याला येतीलच. फ्रोझनची (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायची) ड्यूटी असली की मीही हॉस्पिटलातच असते. मला आठवड्याला दोन दिवस घर मिळतं, तेही लोकांनी माझे रिपोर्ट दोन वर्षं पाहिल्यावर.

माणसांची गरज मात्र खरी आहे. २०१८ च्या रॉयल कॉलेजच्या पाहणीत फक्त ३ टक्के हिस्टोपॅथॉलॉजी विभागांनी आपल्याकडे पुरेसे लोक असल्याचं सांगितलं होतं. एफआरसीपॅथ पूर्ण झालं की प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा) न देता डॉक्टर म्हणून जीएमसीची नोंदणी मिळवता येते. (आपल्याकडे जीएमसी म्हणजे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, इथे जनरल मेडिकल कौन्सिल. माझ्या आईला हा घोळ अजून सुटलेला नाही.) आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा लागेल. कायम कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) व्हायला स्पेशालिस्ट रजिस्टर, म्हणजे जीएमसीच्या तज्ज्ञांच्या यादीत नाव हवं, ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर सविस्तर बोलू.

मॉनिटर वगैरे काहीही विकत घेऊ नकोस, इथे विभाग देतो. त्याऐवजी तुझ्या विभागात स्कॅनर असेल तर तिथल्या मॅडमना विचारून साठ जुन्या केस घे, स्क्रीनवर वाच, आपलं निदान लिहून ठेव. दोन आठवडे गेल्यावर त्याच केस काचेवर वाच आणि कुठे फरक पडला ते मांड. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांचं कॉलेज व्हॅलिडेशनसाठी (पडद्यावरचं वाचन भरवशाचं आहे का हे तपासायला) किमान साठ केस आणि मधे किमान दोन आठवडे सांगतं, म्हणून हे आकडे. स्कॅनर नसेल तर राहू दे, दुसऱ्या भागाची तयारी काचेवरच कर.

सासूबाईंचं काय ठरतंय ते आधी घरात बोला. तीन महिने सलग तिकडे राहणं गरजेचं असेल, तर बिनपगारी रजेचा किंवा अर्धवेळ कराराचा विषय मुलाखतीआधी काढता येतो. इथे तो विचारणं वाईट दिसत नाही. शनिवारी तुझ्या संध्याकाळी सहानंतर फोन कर, मी घरीच आहे.